बाहेरचा खालचा कोपरा

बेसबॉलच्या कोच मॅडमनी कागद बाकावर पसरला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर पाण्याची बाटली ठेवली. कागदावर एक चौकोन होता. रुंदीला होम प्लेटएवढा, उंचीला बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंत; चेंडू त्यातून गेला की स्ट्राइक. त्यावर चिंगीनं आठवडाभरात टाकलेल्या शंभर चेंडूंचे ठिपके होते. गुळाला मुंगळे लागावेत तसे बहुतेक मधोमध.

"शंभरात अठ्ठ्याऐंशी स्ट्राइक," मॅडम म्हणाल्या. "एवढी अचूक पिचर माझ्याकडे दुसरी नाही. आणि एवढा मार खाणारीही नाही."

चिंगीनं कागदाची फडफडणारी कड बोटानं दाबली.

"बॅटरला ताट वाढून देतेस तू. वर आग्रहही करतेस. कडेला का टाकत नाहीस?"

"जमत नाही, मॅडम."

"ज्याला जमत नाही त्याचा चेंडू भरकटतो. तुझा भरकटत नाही. घरी सरावाला कॅचर कोण असतं?"

"बाबा."

"ते ग्लव्ह कुठं धरतात?"

चिंगी खाली वाकली आणि बुटाची नाडी बांधू लागली. नाडी बांधलेलीच होती.

"शनिवारी संघ ठरणार," मॅडम कागदाची घडी घालत म्हणाल्या. "बाहेरचा खालचा कोपरा. दहातले सहा. नाहीतर तुझ्याऐवजी दुसरी जाईल, आणि मला वाईट वाटेल. पण ती जाईल."

बाबांचं काच कापण्याचं दुकान होतं आणि दुकानामागं भिंतीनं वेढलेलं अंगण. गेल्या वर्षी अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची डावी बाजू गेली आणि निम्मीअर्धीच परत आली. हाताला काम द्या, असं डॉक्टर म्हणाले होते. तरुणपणी बाबा बॅटरमागं बसून चेंडू झेलणारे कॅचर होते, लेक चेंडू टाकणारी पिचर. त्यामुळं औषध घरातच निघालं. पहिल्याच आठवड्यात एक चेंडू बाहेरच्या कोपऱ्यात गेला. तिथं ग्लव्हचा डावा हात छातीवरून आडवा न्यावा लागतो. हात निघाला, पण पोचला नाही. "सुटला," बाबा हसून म्हणाले, आणि त्या संध्याकाळी त्यांनी कप डाव्या हातात धरला नाही.

त्यानंतर चिंगीचे चेंडू आपोआप मधोमध येऊ लागले.

आज आई बाबांच्या छातीच्या गार्डचे पट्टे आवळत होती.

"अहो, श्वास सोडा. फुगून बसलात तर पट्टा पुरायचा नाही."

"फुगलेलो नाही. हा माझा मूळ आकार आहे."

आई स्वयंपाकघराच्या खिडकीत गेली. बाबा खुर्चीचा आधार घेत उकिडवे बसले. पंधरा चेंडू ग्लव्हच्या मधोमध बसले.

"मॅडम काय म्हणाल्या?" जाळीच्या मुखवट्यातून बाबांनी विचारलं.

"काही नाही. चांगलं चाललंय म्हणाल्या."

बाबांनी उजव्या हातानं डाव्या हाताचं मनगट धरलं आणि ग्लव्ह आडवा नेऊन गुडघ्याशी टेकवला. बाहेर. खाली.

"इथं टाक."

"कशाला? मधेच बरं चाललंय की."

"काच गिऱ्हाइकाच्या मापानं कापतात, चिंगे. माझ्या सोयीनं नाही."

तिनं टाकला. चेंडू मधोमध आला आणि गार्डवर धप्पकन आपटला. खिडकीत भांडं वाजायचं थांबलं.

"ग्लव्ह कुठं होता?" श्वास परत आल्यावर बाबांनी विचारलं.

"चुकला माझा."

"तुझा चुकत नाही."

ती उभीच राहिली. हातात दुसरा चेंडू होता. त्याची शिवण ती अंगठ्यानं चाचपत होती.

"कधीपासून माहितेय तुम्हाला?"

"मी एवढा चांगला कॅचर कधीच नव्हतो गं," बाबा म्हणाले. "टाक आता. आणि हातावर टाकू नकोस. कोपऱ्यात टाक."

ग्लव्ह त्यांनी पुन्हा छातीसमोर आणला. चेंडू सुटल्यावरच कोपऱ्यापर्यंत जायचं, असा खेळाचा नियमच असल्यासारखा.

चिंगीनं पाय उचलला. चेंडू गुडघ्याच्या उंचीवर, प्लेटची कड घासत गेला. बाबांचा हात निघाला. अर्ध्या वाटेत असतानाच मागं भिंतीवर आवाज झाला.

"मी आणते, बाबा—"

"थांब तिथंच."

ते खुर्चीला धरून उठले. एक पाय ओढत भिंतीपर्यंत गेले, वाकले, चेंडू सापडला तरी वाकलेलेच राहिले.

"स्ट्राइक," भिंतीकडं तोंड करूनच ते म्हणाले.

मग ते चेंडूची माती पुसू लागले. माती फारशी नव्हती. पुसायला त्यांना बराच वेळ लागला.