हाताला वळण नसलेली कात्री

मी कात्री बोलतेय. दहा इंची, पोलादी, शिंपीकामाची. माझा आवाज चांगला आहे, आणि त्या आवाजापायीच माझ्या आयुष्याची पाच वर्षं खणात गेली.

झालं असं, की आमचे मास्तर कधी कात्रीने कापून पाहत नाहीत. दुकानात चिंधी कापून कात्री पारखणं हे त्यांच्या मते नवशिक्यांचं काम. ते कात्री बोटाला लटकवतात, पात्यावर टिचकी मारतात आणि डोळे मिटून ऐकतात. मी ठणठणीत वाजले. "जातिवंत आहे!" असं म्हणून ते मला घेऊन आले.

पहिलंच कापड मी कापलं नाही, चावलं. मास्तरांनी मला धारवाल्याकडे नेलं. त्याने मला उलटसुलट करून पाहिलं.

"मास्तर, हिच्यात खोट नाही. हिची पाती बघा, ही तर..."

"तू धार लाव. अक्कल लावू नकोस."

धार लागली. मी पुन्हा चावलं. "कुचकामी!" असा निकाल देऊन मास्तरांनी मला खणात टाकलं, तुटक्या टेपच्या आणि जोडी हरवलेल्या बटणांच्या सोबतीला.

खण पुरता बंद होत नसे. त्या फटीतून मी दुकान ऐकत राहिले. मास्तरांकडे कापडापेक्षा शब्दांचा साठा मोठा. शिवण वाकडी गेली की 'धांदरट', बाही उलटी लागली की 'बावळट', कापड वाया गेलं की 'ठोंब्या'. 'मठ्ठ' आणि 'अजागळ' हे रोजच्या वापराचे. त्यांना कारण लागत नसे. गंमत अशी, की ओरडून फेकलेले हे शब्द कुणाला लागत नसत. कारागीर ते झटकून चहा प्यायला जात. लागायचं ते हळू आवाजातलं, मान हलवत म्हटलेलं वाक्य : "राहू दे. तुझ्याच्यानं व्हायचं नाही."

ते वाक्य सर्वात जास्त वेळा ऐकलं मास्तरांच्या भाचीने. बहिणीने तिला कटिंग शिकायला धाडलं होतं. मशीनवर पोरीचा हात उत्तम. पण कात्री धरली की खडूची रेघ इकडे आणि पातं तिकडे. सुरुवातीला तिने कात्री डाव्या हातात घेतली, तेव्हा मास्तरांनी बोटांवर फूटपट्टी मारली होती. "कात्री उजव्या हाताची असते!" तेव्हापासून ती निमूट उजव्या हाताने कापे, आणि बिघडवे.

"हाताला वळणच नाही," मास्तर म्हणत. खणात मला वाटे, हे माझ्याबद्दलच चाललंय.

सहा महिने झाले तेव्हा मास्तरांनी टेबलावर एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं कापड पसरलं, खडूने आखलं आणि म्हणाले, "धारवाल्याकडून माझी कात्री घेऊन येतो. आल्यावर माझ्यासमोर हा कोट कापायचा. वाकडा गेला, तर उद्यापासून काज-बटणं. कायमची. तुझ्या आईला मी सांगेन काय ते."

"बरं, मामा."

मास्तर गेले. दुकानात उरल्या भाची आणि काजं करणारी मावशी. भाचीला तेवढ्यात चिंधीवर हात बसवून घ्यायचा होता. तिने खण उपसला आणि मी सापडले. उजव्या हाताने तिने चिंधी कापायला घेतली. मी चावलं.

"आधीच ती कात्री तसली, त्यात तू अशी," मावशी सुईत दोरा ओवत म्हणाली. "छान जोडी जमली."

भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला तिने उजवा हात उचलला, म्हणून मला डाव्या हातात घेतलं. तिचा अंगठा माझ्या मुठीत असा बसला, की मला माझा कारखाना आठवला; तिथे मला डाव्या हातासाठीच घडवलं होतं. तिने दाराकडे एकदा पाहिलं आणि चिंधीवरून मला चालवलं. कर्रर्र. सरळ. पुन्हा एकदा. पुन्हा सरळ.

मावशीचा दोरा सुईबाहेरच राहिला. "अगं, थांब! मामाला येऊ दे!"

"मामा आले की हात बदलावा लागेल," भाची म्हणाली आणि कोटाला लागली. चिंधी वेगळी, गिऱ्हाइकाचं कापड वेगळं. माझी दोन्ही पाती धडधडत होती. तिचा हात मात्र खडूच्या रेघेवरून सरळ चालला.

मास्तर आले, तेव्हा पाठ, पुढचे भाग, बाह्या, कॉलर, सगळं रचून ठेवलं होतं. त्यांनी प्रत्येक कडेवरून बोट फिरवलं. मग तिच्या डाव्या हातातल्या माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. पण चांगल्या कामासाठी त्यांच्याकडे शब्दच नव्हता; कधी लागलाच नव्हता.

"हं," ते म्हणाले.

"हं म्हणजे काय?" मावशीने विचारलं.

"हं म्हणजे हं. या गिऱ्हाइकाचे उरलेले दोन कोटही तिच्याकडेच दे."

आता मी टेबलाच्या डाव्या बाजूला खिळ्यावर असते. माझा स्क्रू थोडा सैल झालाय, पण कामात खोट नाही. परवा मास्तरांनी घाईत मला उचललं आणि अस्तराचा चोथा केला. भाचीने मला त्यांच्या हातातून अलगद काढून घेतलं. "मामा, राहू द्या," ती हळूच म्हणाली. "तुमच्याच्यानं व्हायचं नाही."

मावशीने तोंडात पदर कोंबला.

तुमच्याकडेही असे शब्द भरपूर असतील. ते फेकून द्या असं मी म्हणत नाही, अडीअडचणीला लागतात. फक्त कुणाला चिकटवण्याआधी एकदा हात बदलून बघा. आणि निदान आमच्या धारवाल्याचं वाक्य पुरं होऊ द्या.