खिडकीतला समुद्र

गेल्या वर्षी दीवला गेलो, तेव्हा तीन दिवस मी समुद्र फक्त खोलीच्या खिडकीतून पाहिला. आमच्या फैजपूरच्या घराला बाहेरचं जेवण चालत नाही. त्यामुळे शेगडी, छोटा सिलिंडर, कळण्याच्या भाकरीचं ज्वारी-उडदाचं पीठ, काळा मसाला, भरताची वांगी असं सगळं स्वयंपाकघर गाडीत चढतं, आणि त्याच्यासोबत मी. नऊ माणसांच्या भाकरी थापता थापता मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, मीपण येते ना किनाऱ्यावर."

भूषण चटई बगलेत मारत म्हणाला, "खिडकीतून दिसतो की!"

सासूबाईंसकट सगळे खदाखदा हसले. ते हसणं मी वर्षभर जपून ठेवलं.

यंदाही सामान मीच भरलं. सासूबाई यादी वाचत गेल्या, मी एकेक वस्तू दाखवत गेले. सिलिंडर गाडीत ठेवायच्या आधी मात्र मी त्याचा रेग्युलेटर काढला आणि घरातल्या गव्हाच्या कोठीत खोल खुपसला.

दीवला पोचेपर्यंत दुपारचे दोन वाजले. सगळे भुकेने कावले होते. भूषण सिलिंडरपाशी बसून ओरडला, "कोकिळा, रेग्युलेटर कुठंय?"

"फैजपूरला. गव्हाच्या कोठीत."

"तिथं कुणी ठेवला?"

"मी."

"मग आता जेवायचं काय?"

"समोर हॉटेल आहे," मी म्हटलं. "खिडकीतून दिसतं की!"

या वेळी कुणीच हसलं नाही. म्हणून मीच हसले, पोटभर, आणि चपला दारातच सोडून किनाऱ्यावर गेले.