कोऱ्या चेहऱ्याचा निकाल

मी एक जुनी, फिकट निळी पेन्सिल आहे. बोटाएवढीच उरले आहे. तरी माझा मान कमी समजू नका. मित्रांनो, पाठ ताठ करून बसा. ही हकीकत मी एकदाच सांगणार आहे.

चित्रकथा काढणारे आधी माझ्या रेषेने चित्र मांडतात आणि मग त्यावर काळी शाई चढवतात. झेरॉक्सच्या यंत्राला माझा रंग दिसत नाही, म्हणून मला खोडावे लागत नाही. एका चित्रकाराच्या हातात मी झिजले, आणि अभिमानाने झिजले.

त्याची थोरली बहीण मुलांच्या मासिकाची संपादिका होती. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवले. नव्या मालिकेचा पहिला अंक पसंत करणे न करणे तिच्याच हाती असे. त्याने एक सुपरहिरो मालिका रचली. तिची नायिका कोसळता पूल एकाच हाताने तोलून धरते, कारण दुसऱ्या हाताने तिने धाकट्या भावाला कडेवर घेतलेले असते. शेवटच्या चौकटीत ती मुखवटा उतरवते. तो चेहरा ताईचा होता. त्यावर शाई न चढवता त्याने समासात माझ्याच टोकाने लिहिले, ‘ताई, हा चेहरा तुझा. छापू का?’

“घरचा म्हणून सूट नाही हं,” ताईने जेवताना बजावले.

“तू भाजीलासुद्धा गुण देतेस, मला कसली सूट?”

“आजच्या भाजीला चार. तूच केलीस ना?”

दोघेही पोटभर हसले. मी त्याच्या कानावर होते. ते हसणे मी जवळून ऐकले.

त्याने मूळ पाने कार्यालयात दिली. पक्षपात नको म्हणून ताईने ती उघडलीच नाहीत. कारकुनाकडून झेरॉक्स प्रती तेवढ्या मागवल्या. यंत्राने चेहरा गाळला आणि प्रश्नही गाळला. ताईला दिसला तो शेवटच्या चौकटीतला कोरा चेहरा. तिने निकाल लिहिला: ‘शेवटची चौकट मला मान्य नाही. असे पुन्हा माझ्यापुढे आणू नये.’

प्रतींचे त्याला ठाऊक नव्हते. त्याला वाटले, ताईने आपल्याला झिडकारले. निकालासोबत परत आलेली पाने त्याने फाइलीत बांधली, मलाही त्यातच कोंबले आणि दूरच्या शहरात दुकानांच्या पाट्या रंगवायला निघून गेला. “काम अर्धवट त्याने ठेवले, आधी बोलायचे तर त्यानेच,” असे ताई म्हणत राहिली. तो बोलला नाही. तिसऱ्या वर्षी तापाचे निमित्त झाले आणि तो गेला.

त्याच्या सामानातली फाइल कार्यालयात ताईकडे आली. खिडकीशी उभी राहून तिने शेवटचे पान उघडले.

“हे... हे कुठं होतं?”

कारकून खाली मान घालून म्हणाला, “मूळ पानातच होतं, बाई. तुम्हीच म्हणालात, मूळ पानं नकोत.”

ताईने फाइलीतून मला उचलले आणि त्या प्रश्नाखाली ‘हो’ लिहिले. तिने इतके दाबून लिहिले की माझे टोक मोडले.

मित्रांनो, त्यानंतर मला कोणी टोक केले नाही, आणि माझी तशी इच्छाही नाही. तुम्हाला एवढेच बजावते: कोणाच्या कामाचा निकाल लावण्यापूर्वी मूळ पान मागा. ज्याने ते केले त्याला समोर बसवा आणि विचारा, ‘तुला काय म्हणायचे होते?’ रुसवा धरून वाट पाहू नका. तो समोर असेल, तोवरच विचारा.