तांदळाच्या पिंपात हात

ठमाबाईचा नवरा चोर होता, आणि ही गोष्ट ती बत्तीस वर्षं कौतुकानं सांगत आली होती.

आता दचकू नका. महिपती तेव्हा मुंबईत एका स्टुडिओत दिवे उचलायचं काम करायचा. दूरदर्शनवर 'चौकी नंबर अकरा' नावाची पोलिसांची मालिका लागायची, तिचं शूटिंग तिथंच चाले. एक दिवस चोराचं काम करणारा नट आलाच नाही. दिग्दर्शकाची नजर दिवा धरून उभ्या असलेल्या ह्या गाल बसलेल्या माणसावर पडली. त्याला पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट चढवला आणि दिला कॅमेऱ्यापुढं बसवून.

सीन होता साडेतीन मिनिटांचा. इन्स्पेक्टर चोराच्या खोपटात येतो. आरडाओरडा नाही, मारझोड नाही. नुसता चहा मागतो आणि पीत बसतो. चोर देवाची शपथ घेऊन सांगतो की मी काही केलं नाही. पण त्याच्या हातातली कपबशी वाजायला लागते आणि नजर सारखी कोपऱ्यातल्या तांदळाच्या पिंपाकडं जाते. इन्स्पेक्टर उठतो, कोपरापर्यंत हात पिंपात घालतो आणि चोरीचा हार बाहेर काढतो. मग चोर रडतो. काय रडतो म्हणता! पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वरच्या अंगाला फणसवाडी आहे, तिथं तेव्हा एकट्या काशीरामाकडं टीव्ही होता. अख्खी वाडी त्याच्या पडवीत दाटीवाटीनं बसली होती आणि आपलाच महिपती आहे हे माहीत असून बायका पदरानं डोळे पुसत होत्या.

तेव्हापासून ठमाबाई वाडीत 'चोराची बायको' झाली आणि त्या हाकेला ती ठसक्यात ओ द्यायला लागली. महिपती गावाकडं परतला तरी दर गणपतीत लोक त्याला तो सीन करायला लावत. तोही आढेवेढे न घेता करायचा, आणि मोजून त्याच जागी डोळ्यांतून धार लागायची. त्या वेळी दिग्दर्शकानं डोळ्यांत घालायचं औषध पुढं केलं होतं, तेही ह्यानं घेतलं नव्हतं. मनात काय आणता म्हणून ठमाबाईनं शंभरदा विचारलं असेल. तो हसून म्हणायचा, तुला काय करायचंय गो.

तर अशा ह्या हौसेच्या चोराच्या गळ्यात ह्या वर्षी देवीची किल्ली आली.

वाघजाईचा चांदीचा मुखवटा देवळातल्या लाकडी पेटीत असतो, शिमग्याच्या पालखीपुरता तेवढा बाहेर निघतो. पेटीची किल्ली वर्षाच्या पाळीनं एकेका घरात जाते. पाडव्याला जुना पाळकरी ती नव्याच्या ओंजळीत ठेवतो आणि नव्यानं ती डोळे मिटून कपाळाला लावायची. पेटी उघडून बघायची नाही. बघितलं म्हणजे आधीच्या माणसावर संशय घेतला, असा त्याचा अर्थ होतो. वाडीला त्या रिवाजाचा भारी अभिमान. गेल्या पाडव्याला काशीरामानं किल्ली दिली, महिपतीनं घेतली आणि देव्हाऱ्यामागच्या खिळ्याला लावली. पुढं पावसाळ्यात काशीरामाला लकवा झाला, वाचा गेली, आणि मुलगा-सून त्याला मुंबईला घेऊन गेले.

शिमग्याला पंधरा दिवस असताना मुखवटा चिंचेनं उजळायला म्हणून चार जणांसमोर पेटी उघडली. आत लाल फडकं, बाकी काही नाही. कुलूप धड, कोयंडा धड. बघणाऱ्यांनी एकदा पेटीकडं बघितलं आणि एकदा महिपतीकडं.

काशीरामाचं नाव घ्यायला कुणाची जीभ रेटेना. अंथरुणाला खिळलेला, वाचा गेलेला माणूस तो, त्यातून पाडव्याचा रिवाज. पोलादपूरला पोलिसांत जायचं तर देवीची अब्रू चव्हाट्यावर येते, म्हणून तेही नको. मग राहिलं कोण? पोलादपुरात मोबाईलचं दुकान चालवणारा भरत, तपासाच्या मालिका बघून बघून अर्धा हवालदार झालेला, त्यानं त्याच संध्याकाळी तो जुना सीन कुठून तरी शोधून वाडीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'ओळखा पाहू.' पहिल्यांदा हसण्याची चित्रं आली. मग चित्रं यायची थांबली, आणि थांबल्यावरच ठमाबाईला त्यातला अर्थ कळला.

दोन दिवसांनी दुपारी देवळापुढं बैठक बसली. ठरलं ते असं, की होळीच्या आत मुखवटा पेटीत आला पाहिजे, नाही तर पालखी महिपतीच्या दारात येणार नाही. दारात पालखी न येणं म्हणजे काय, ते कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. आज पालखी नाही, उद्या लग्नाला बोलावणं नाही, परवा खांद्याला माणूस नाही.

मग भरतनं चहा मागवला. एरवी बैठकीला कागदी कप असतात. त्या दिवशी सगळ्यांना कागदी कप आले आणि महिपतीपुढं कपबशी आली. कशासाठी ते महिपतीला कळलं, ठमाबाईला कळलं, देवळाच्या पायरीवर बसलेल्या पोराटोरांनाही कळलं. महिपतीनं बशीत चहा ओतला, फुंकर घालून शेवटपर्यंत प्याला आणि बशी खाली ठेवली. टिक् नाही की टुक् नाही. तर मागून कुणी तरी म्हणालं, ऍक्टर माणूस हाय. घ्या! हात थरथरला असता तर चोर, नाही थरथरला तर पट्टीचा चोर. असल्या चौकशीतून सुटायचं कसं, ते वाघजाईच जाणे.

"देवीची शपथ घेऊन सांगतो," महिपती म्हणाला, "मी पेटी उघडली नाय."

"काका," भरत मान खाली घालून म्हणाला, "टीव्हीत पण तुम्ही हेच बोलला होता."

महिपतीचे डोळे कोरडेठाक होते. रडला असता तरी कुणी खरं मानलं नसतं, हे त्यालाही ठाऊक असणार. त्यानं मान वळवली आणि क्षणभर त्याची नजर खालच्या अंगाला असलेल्या आपल्या घराच्या कौलांवर गेली.

तेवढं ठमाबाईनं टिपलं. तिनं तो सीन इतक्यांदा बघितला होता की माणसाची नजर कुठं जाते हे बघायची तिला सवयच लागली होती. एकदा टिपल्यावर मग काय, संशयाला खायला घालावं लागत नाही, तो आपलं आपण शोधून खातो. पौषात हे दोनदा महाडला गेले होते. कशाला, तर काम होतं. परतताना काखेत पिशवी होती, ती घरात आली ती दिसेनाशी झाली. फोन वाजला की उठून मागच्या परसात जातात. मी गेले की बोलणं तोडतात. चाळीस वर्षांचा संसार, मेलं ह्या माणसानं माझ्यापासून काय लपवलं असेल? आणि मनात काय आणून रडतात ते तरी कुठं सांगितलं कधी? जो माणूस पाहिजे तेव्हा डोळ्यांतून पाणी काढतो, त्याचं खरं कुठलं आणि सोंग कुठलं?

स्वतःच्या मनाची तिला लाजही वाटली, तिनं देवीपुढं कान धरले. पण दुसऱ्या दिवशी दुपारी महिपती कापड्याला पिठाच्या गिरणीवर गेला आणि तिचे पाय आपोआप वळले. देव्हाऱ्यामागं बघितलं. गोधड्यांची चळत उपसली. चुलीमागची फळी बघितली. मग ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गेली, तांदळाच्या पिंपाचं झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. तांदूळ थंडगार होते. तळाशी बोटं फिरवली. काही लागेना, म्हणून आणखी वाकली.

"सापडलं काय?"

महिपती दारात उभा होता. खांद्यावर पिठाची पिशवी तशीच.

"तांदळाला टोके लागलेत काय बघत होते," ठमाबाई म्हणाली. तिचा हात अजून आतच होता.

महिपतीनं पिशवी खाली ठेवली, तो माळ्यावर चढला आणि एक कागदी पुडकं आणून तिच्यापुढं ठेवलं. उघड, म्हणाला. आत पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट होता, कोरा, शिंप्याच्या खडूच्या खुणा अजून तशाच. मग त्यानं थोडक्यात सांगितलं. मुंबईहून फोन येत होते. जुन्या मालिकांतले गाजलेले सीन आणि त्यातली माणसं आज कुठं आहेत, असा काही कार्यक्रम करणार आहेत. शिमग्याच्या सुमाराला एक बाई कॅमेरा घेऊन येईल, सीन पुन्हा करून दाखवा म्हणते. तसला शर्ट कुठं मिळेना म्हणून महाडला कापड घेऊन शिवला. नक्की ठरल्यावर तुला सांगून चकित करणार होतो, म्हणाला.

हाताला चिकटलेलं तांदळाचं पीठ ठमाबाई नुसतं पुसत राहिली.

पुढचे चार दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं, ती पाया पडली असती, रडली असती, मिटलं असतं. तो नेहमीसारखा जेवायचा, नेहमीसारखा आंघोळीला पाणी मागायचा.

पाचव्या दिवशी काशीरामाची सून सारिका हिचा मुंबईहून फोन आला. शिमग्याला गावी यायचं म्हणून ती सासऱ्याचे जुने कपडे धुवायला काढत होती, तर एका सदऱ्याच्या खिशात महाडच्या एका सोनाराची चिठ्ठी निघाली. सासऱ्यापुढं धरली, तशी ते घळाघळा रडायला लागले आणि देवाच्या फोटोकडं बोट करायला लागले. मग सारिकानं सोनाराला फोन लावला, सासऱ्याला मानेनं हो-नाही करायला लावलं, आणि उलगडा झाला तो असा. गेल्या शिमग्यात पालखी नाचवताना मुखवटा आंब्याच्या फांदीला आपटून नाक चेपलं होतं. आपल्या पाळीत देवीचं नाक चेपलं, ह्या शरमेनं काशीरामानं कुणाला न सांगता तो सोनाराकडं टाकला. सोनारानं आज देतो उद्या देतो केलं, तोवर पाडवा आला. पेटी कुणी उघडत नाही हे माहीत होतं, म्हणून त्यानं रिकाम्या पेटीची किल्ली देऊन टाकली, मागाहून महिपतीला गुपचूप सांगू म्हणून. मागाहून लकवा आला. इतकं साधं होतं सगळं, आणि वाडीनं त्याच्यापायी एका माणसाला जिवंतपणी सोललं.

भरत स्वतः मोटारसायकल घेऊन महाडला गेला आणि मुखवटा छातीशी धरून आणला. महिपतीच्या पाया पडला. चालायचंच रे, महिपती म्हणाला. शिमग्याला पालखी पहिली त्याच्या दारात आली, आणि गेल्या वर्षीपेक्षा दुप्पट वेळ नाचली. सीन मात्र ग्रुपवर तसाच राहिला, तो काढायचं कुणाला सुचलं नाही.

होळी झाल्यावर तिसऱ्या दिवशी कॅमेऱ्यावाली बाई आली. अपेक्षा नाव तिचं, वयानं लहान, बोलायला गोड. सगळी वाडी अंगणात जमली. महिपती पट्ट्यांचा शर्ट घालून ओटीवर बसला, इन्स्पेक्टरच्या जागी भरतला बसवलं, आणि चोराच्या बायकोनं चहा आणून द्यायचा म्हणून ठमाबाईला उभं केलं. ती चहा घेऊन आली तर कपबशी तिच्याच हातात वाजायला लागली. लोक हसले. अपेक्षाला ते फार आवडलं.

भरतनं पिंपात हात घालायची खूण केली. लोक पुढं सरकून बघायला लागले. महिपतीनं डोळे मिटले, उघडले. पुन्हा मिटले. पाणी आलं नाही. अपेक्षा म्हणाली, घाई नाही काका, पुन्हा घेऊ. पुन्हा घेतलं, पुन्हा कोरडं. तिसऱ्यांदा तिनं पिशवीतून छोटी बाटली काढली, डोळ्यांत घालायची. महिपतीनं हात जोडले. म्हणाला, तेव्हा नाय घेतलं, आता पण नको. शेवटी तिनं चहा पितानाचं तेवढंच घेतलं, रडण्याच्या जागी जुनाच तुकडा लावू म्हणाली, आणि उन्हं कलायच्या आत घाट उतरून गेली.

अंगण रिकामं झालं. दिवेलागणीला महिपती शर्टाची बटणं काढत बसला होता. ठमाबाई दिवा लावून आली आणि त्याच्यासमोर खालीच बसली. आज तिला विचारल्याशिवाय राहवेना.

"अवो, मनात काय आणायचात ते आज तरी सांगा."

त्यानं शर्टाची घडी घातली, नीट, बाही बाहीवर ठेवून.

"तो इन्स्पेक्टर पिंपात हात घालायचा ना," तो म्हणाला, "तिथं मी तुझा हात आहे असं मनात आणायचो. सगळ्या जगानं चोर म्हटलं तर म्हटलं. ठमी पण तांदळात हात घालून शोधतेय, आणि मी दारात उभा हाय. एवढं आणलं की पाणी यायचं बघ."

"आणि आता?"

"आता ते बघितलं ना गो. आता मनात काय आणू?"

तो रागानं नाही बोलला. साधा, दमलेल्या माणसासारखा बोलला. मग घडी उशाला ठेवून म्हणाला की भूक लागली आहे, भात टाक. ठमाबाई उठली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जाऊन तिनं मापटं हातात घेतलं, पण पिंपाचं झाकण काही तिला उचलवेना.