रुबिएलाबाईंची तार

यानेथ ओरेगोला तीन आठवड्यांत वाडीतल्या एकाही माणसानं खरं सांगितलं नाही, आणि यात चूक तिचीच होती. अंगात खाकी जाकीट, छातीवर ओळखपत्र, हातात छापील फॉर्म, आणि पहिलाच प्रश्न काय, तर म्हणे, "दरीवर आडव्या तारा किती आहेत?" अहो, कोण सांगेल? दोन वर्षांपूर्वी एकजण तारेच्या पाळण्यातून पडून पाय मोडून घेऊन बसला, तेव्हापासून नगरपालिकेनं तारेवरून ये-जा बंद केलेली. तार दिसली की कापायची, असा हुकूम. आणि या डोंगरात तर कॉफीची पोती, केळीचे घड, वेळेला सासूसुद्धा तारेवरूनच दरीपलीकडे जाणार. त्यामुळे कुणालाही विचारा, उत्तर एकच: "तार? कसली तार?"

यानेथचं सगळं त्या तारांवरच अडलं होतं. सापाच्या विषावरचं औषध घेऊन तिचं ड्रोन सेहेचाळीस किलोमीटरवरच्या सांता इनेसच्या दवाखान्यात आपलं आपण जायला हवं होतं. त्याला झाडं दिसत, खांब दिसत, घिरट्या घालणारी गिधाडं तर लांबूनच दिसत. बोटाएवढी पोलादी तार मात्र काही केल्या दिसेना. दोन ड्रोन अशीच कशाला तरी अडकून दरीत गेली. ती शोधून, पुसूनबिसून आणून देणारे हेच वाडीकर. "वाऱ्यानं पडली असतील हो," म्हणाले. आता हे तिसरं, आणि शेवटचं. शुक्रवारी विमान खात्याचे तपासनीस येणार होते. त्यांनी पास केलं तर परवाना, नाहीतर चार वर्षांच्या कामावर पाणी.

ती राहायला होती दरीपलीकडे, रुबिएलाबाईंकडे. दरीवरच्या तारा सापडेनात, तेव्हा तिनं अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या बारीक तारेवरच ड्रोनची शिकवणी लावली. धुक्यात, उन्हात, संध्याकाळी, तार वर बांध, खाली बांध. बारीक रेघ दिसली की थांब, मागे हो, वरून जा.

"पोरी, माझी धुणी वाळू देशील की नाही?" बाई करवादत. "लेओनेल तीन दिवस एकाच विजारीवर फिरतोय."

"आजचा दिवस फक्त, मावशी."

"काल पण आजचाच होता."

लेओनेल म्हणजे बाईंचा नवरा. तो काही बोलत नसे. विजार एकच असली की माणूस गप्पच राहतो.

रोज सकाळी यानेथ दोन तास उतरून-चढून अलीकडे, ड्रोन जिथून उडायचं त्या शाळेच्या मैदानावर पोचे, तर बाई न्याहारी घेऊन आधीच हजर. मक्याच्या जाड भाकऱ्या, म्हणजे आरेपा, अजून गरम. "जवळची वाट आहे," एवढंच म्हणत. यानेथला वाटे, डोंगरातली माणसं, चालत असतील भराभर. इंजिनियर झालं म्हणून काय सगळंच कळतं असं थोडंच आहे?

शुक्रवारी तपासनीस एचेवेर्री आले, नगरपालिकेचे सचिव लिबार्दो आले, वाडी तर झाडून जमली. ड्रोन उडालं, सरळ दरीवर गेलं, आणि मधोमध थांबलं. समोर नुसतं निळं आकाश.

"का थांबलं?" एचेवेर्रींनी विचारलं.

यानेथनं पडद्यावर पाहिलं. केसाएवढी एक रेघ. एक टोक शाळेखालच्या केळीत, दुसरं थेट रुबिएलाबाईंच्या घरामागे. जवळची वाट कुठली, ते आत्ता तिच्या डोक्यात शिरलं. तिला नाचावंसं वाटलं. शिकवणी फळली होती. मग शेजारी वही-पेन घेऊन उभे असलेले लिबार्दो दिसले आणि तिनं पडदा आपल्याकडे वळवला. तार कापली तर बाईंची कॉफी खेचरावरून न्यावी लागणार, आणि बाईंकडे खेचर नव्हतं.

"बिघाड असेल," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

एचेवेर्रींनी कागदावर लिहिलं: बिघाड.

रुबिएलाबाई सगळ्यांना गुळाचं गरम पाणी वाटत होत्या. त्यांनी किटली खाली ठेवली. "बिघाड-बिघाड काही नाही. ती माझी तार आहे."

वाडीकर एकमेकांकडे बघू लागले.

"अकरा वर्षं आहे तिथं. यंत्राला दिसली, तुम्हाला दिसत नाही. आता चष्मा कुणाला लागलाय ते बघा."

"बाई, मला खरंच काही दिसत नाही," एचेवेर्री म्हणाले.

बाईंनी तोंडाशी हात धरून पलीकडे हाळी दिली, "लेओनेल, सोड रे."

पलीकडून केळीचा एक भलामोठा घड हवेतून झोके घेत निघाला. ड्रोन चार हात मागे सरलं, घड जाईपर्यंत थांबून राहिलं, मग वर उठून तारेवरून पलीकडे गेलं आणि डोंगराआड दिसेनासं झालं. एचेवेर्री तोंड उघडं टाकून बघतच राहिले.

लिबार्दोंनी वही उघडली. तेवढ्यात म्हातारा एरिबेर्तो पुढे आला. "हिच्या तारेचं काय घेऊन बसलात? माझी उंच आहे. ती दिसेल का त्याला?"

"आमच्या तर दोन आहेत," मागून कुणीतरी म्हणालं.

मग काय, जो तो आपली तार पुढे करू लागला. नऊ तारा लिहून झाल्यावर लिबार्दोंनी उसासा टाकला. एवढ्या कापायला माणसं कुठून आणणार? "महिन्याभरात प्रत्येकानं पाळण्याला कठडा नि ब्रेक बसवायचा. मी स्वतः तपासायला येईन. तोवर माणूस बसलेला दिसला तर खरंच कापीन."

"आणि केळी?"

"केळ्यांना बंदी कधी होती?"

चाळीस मिनिटं एकही माणूस घरी गेला नाही. मग रेडिओवर सांता इनेसची नर्स बोलली: पेटी पोचली, औषध अजून गार आहे. एचेवेर्रींनी 'बिघाड' खोडलं आणि खाली सही केली.

"मावशी, तुमची तार गेली असती," यानेथ म्हणाली.

"आणि तुझी चार वर्षं?" बाई म्हणाल्या. "मी तीन आठवडे तुझ्या तोंडावर खोटं बोलले, एकदा तरी चुकले का? तू एकदाच बोललीस, तर चेहरा बघ कसा झालाय. जमत नाही ते करू नये माणसानं."

यानेथ हसायला गेली नि रडलीच. बाईंनी तिला पोटाशी धरलं.