पॉलिनची लेन्सची डबी

"या डबीत नळाचं पाणी घालत होतीस?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही हो डॉक्टर. फक्त सोल्यूशन. रोज नवीन," पॉलिन म्हणाली. तिच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती.

"सगळे असंच सांगतात. आतला हा बुळबुळीत थर बघ. जंतू असा चिकट थर करून त्याच्या आत बसले की सोल्यूशन नुसतं वरून वाहून जातं. तपासणीत निघालेत ते साचलेल्या पाण्यातले जंतू आहेत. आळशीपणा केलास, दुसरं काय!"

शेजारी बसलेल्या आल्बिनाला हे कसं खपणार? लेकीबद्दल वाकडा शब्द या बाईने आजवर कुणाचा ऐकून घेतला होता? शाळेत कुणी पॉलिनला 'ढापणी' म्हटलं, तर ही त्या पोराच्या घरी जाऊन त्याच्या आजीशी भांडून आली होती. अख्खं गास गाव तिला भिऊन असे. नवरा गेल्यावर शिवणाच्या मशीनवर तिने पोरगी शिकवली. पोरीचं लग्न ठरलं आणि होणाऱ्या जावयाची, जॅक्सनची, आई म्हणाली, "फोटोत चष्मा नको हं." तेव्हा पॉलिन नको नको म्हणत असताना तिला तुळिंजच्या दुकानात लेन्स घ्यायला हीच घेऊन गेली.

आणि पवित्र पाण्यावर काय तो विश्वास! ईस्टरला चर्चमधून भरून आणलेली बाटली येशूच्या तसबिरीमागे असायची. नव्या स्कूटरवर ते पाणी, परीक्षेच्या पेनावर ते पाणी, अंड्यावर बसलेल्या कोंबडीवरसुद्धा तेच.

आल्बिना पुढे सरकली. "माझ्या पोरीला आळशी नका बोलू, डॉक्टर. साबनाने हात धुतल्याशिवाय डबीला शिवत नाय ती. आनि मी हाय ना लक्ष ठेवायला! ही झोपलेली असते, तेव्हा चर्चला मिस्सेला जाता जाता मी रोज डबीत पवित्र पानी घालते. थोडंसंच. त्यात घान कशी होईल?"

अभिमानाने सांगत होती बिचारी. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"हे पाणी कधीचं?"

"ईस्टरचं. संपत आलं की आमच्या विहिरीचं मिळवते. आशीर्वाद काय कमी होत नाय."

पॉलिन मान पूर्ण वळवून आईकडे बघू लागली.

"आई, डोळा लाल झाला तेव्हा तू ओला कापूस ठेवायचीस. त्याला कुठलं पाणी?"

"तेच, बाय. डोळे सांभाळणाऱ्या संत लुसीची प्रार्थना बोलून."

"मला वाटलं, उकळून गार केलेलं असेल."

"पवित्र पानी कोन उकळतं गं?"

कुणीच हसलं नाही. डॉक्टरीणबाईंचा सूर आता उतरला, आणि तेच जास्त वाईट होतं. पॉलिनला आळशी म्हटलं ते त्यांनी मागे घेतलं. मग म्हणाल्या, "डाव्या बुबुळावर खोल जखम आहे. दिसेल असं मी खोटं सांगणार नाही. जंतू आटोक्यात आले, तर बुबुळ बदलून बघू. लग्नाचं पुढचं पुढे."

आता कुठे आल्बिनाला उमगलं. तिने आधी स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि मग ती टेबलाची कड घट्ट धरून उभी राहिली.

"माझं घ्या. आत्ता घ्या. दोन्ही घ्या!"

"जिवंत माणसाचं घेता येत नाही, मावशी."

मेली असती तर निदान लेकीच्या उपयोगी पडली असती, एवढंच तिच्या डोक्यात आलं. ते ती बोललीही. पॉलिनने ऐकलं आणि ती फाईल उचलून बाहेर पडली.

दारात रिक्षा मिळाली. आल्बिना आधी चढून आत सरकली आणि तिने पॉलिनसाठी जागा केली. पॉलिन खालीच उभी राहिली.

"उतर. मी आधी बसते."

"का गं? तुझ्या पट्टीला माझा धक्का लागेल."

"लागू दे. तू पट्टीच्या बाजूला बस. तिकडून तू मला दिसत नाहीस."

आल्बिना उतरली. पॉलिन आत सरकून बसल्यावर ती लेकीच्या डाव्या बाजूला कडेला टेकली. रिक्षा गासच्या रस्त्याला लागली, खड्डे सुरू झाले. धक्का लागू नये म्हणून आल्बिनाने बाहेरचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि घर येईपर्यंत अंग चोरून बसली.