तीन वेळा प्रॉब्लेम

माझ्या नातीने मला तीनदा सांगितलं की नवरा तिला मारतो, आणि तिन्ही वेळा मी म्हणाले, "पोटाला शेक घे, पडून राहा."

तिने सांगितलं ते असं: "आजी, मी येत नाही. प्रॉब्लेम आहे."

आमच्या बरकतपुऱ्याच्या घरात हा शब्द दिवसभर पायांत येतो. गिझरला प्रॉब्लेम, नेटला प्रॉब्लेम, माझ्या गुडघ्याला प्रॉब्लेम, मुलाच्या साहेबाला प्रॉब्लेम. भांडी घासणारी यादम्मा दांडी मारायची असली की फोन करते, "अम्मा, आज घर में पराब्लम है." आणि पाळी आली की तोही प्रॉब्लेमच. सुलतान बाजारातल्या माहेरी माझी आई सरळ 'मला शिवू नका' म्हणायची. मला ते मुळीच आवडत नसे, पण निदान कळत तरी होतं. कुरकुर वेगळी होती, पंचाईत वेगळी, जाच वेगळा, धसका वेगळा. आता सगळ्या घराचं खरकटं एकाच बादलीत ओततात आणि वर झाकण ठेवतात.

ही नात, निशिगंधा, शहराच्या दुसऱ्या टोकाला मियापूरला राहते. लग्नाला दीड वर्ष झालं. महालक्ष्म्यांना ती आली नाही: प्रॉब्लेम. घटस्थापनेला आली नाही: प्रॉब्लेम. मध्ये तेवीस दिवस गेले होते, मला त्यात वावगं वाटलं नाही. दसऱ्याला सकाळी परत फोन. मी शेक घ्यायला सांगून तो ठेवला आणि जम्मीची, म्हणजे शमीची, पानं निवडायला बसले. चार पानं झाली आणि हात थांबला.

"कुसुम, नऊ दिवसांत दुसऱ्यांदा कुणाची येते गं?"

कुसुम माझी सून, निशिगंधाची आई. श्रीखंड फेटता फेटता म्हणाली, "हार्मोन्सचा प्रॉब्लेम असेल हो, आई."

मी पानं तशीच टाकली आणि ऑटो बोलावली.

दार निशिगंधानेच उघडलं. एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्या. जावई मंदार टीव्हीसमोर बसून जेवत होता. "अरे, आजी! या, या." मी तिला आतल्या खोलीत नेलं.

"काय होतंय तुला?"

"सांगितलं ना आजी, प्रॉब्लेम आहे."

"तो शब्द माझ्यासमोर काढू नकोस. काय होतंय?"

ती भिंतीकडे वळली. शाळेपासून इंग्रजीत शिकलेली पोर. मला वाटलं, तिला शब्दच सापडत नाहीये. मग तिने एक बाही वर केली. दंडावर चार बोटं उमटली होती, कडेने पिवळी पडलेली.

"मारतो."

तेवढ्यात मंदार दारात आला. "आजी, छोटासा प्रॉब्लेम आहे आमचा. होईल सॉल्व्ह. तुम्ही टेन्शन घेऊ नका." आवाज अगदी मऊ. बोटाला श्रीखंड लागलं होतं, ते त्याने बोलता बोलता चाटलं. त्याची किळस आली, आणि महिनाभर फोनवर शेकाचे सल्ले देणाऱ्या माझ्या जिभेची त्याहून जास्त.

"चप्पल घाल," मी निशिगंधाला म्हणाले.

"सणाच्या दिवशी असं... लोक काय म्हणतील, आजी?" मंदार म्हणाला.

"बाजूला हो."

तो झाला बाजूला. हात तसाच ओला.

ऑटो मोठ्या रस्त्याला लागल्यावर निशिगंधाने दुसरी बाही वर केली. मी नीट बघितलं. तोंड फिरवलं नाही.